दोन बिल्ड, दोन उत्तरं

मी नोकरीत नेमकं काय करत होते, हे माझ्या सख्ख्या नणंदेला शेवटपर्यंत कळलं नाही. "आमची वहिनी कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळते," असं ती सगळ्यांना सांगायची. मग लग्नकार्यात कुणाचा ना कुणाचा अडकलेला मोबाइल माझ्या हातात यायचा. मी तो बंद करून पुन्हा चालू करून द्यायचे. बहुतेक तेवढ्यानेच सुरू होतात, त्यामुळे नात्यागोत्यात माझी विद्वान म्हणून ख्याती आहे.

खरं काम सांगायला घेतलं की ऐकणारा जांभई देतो. तरी या वेळी संपादकांनी आग्रह केला आहे, तेव्हा वाचकांनी थोडी कळ काढावी. जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी संगणक केंद्र सांभाळलं. तिथे प्राध्यापक आणि पीएच.डी. करणारी मुलंमुली आपापले मोठाले हिशोब घेऊन यायची. कुणाला ठिबकच्या नळ्यांतला दाब काढायचा असे, कुणाला केळीच्या पानांच्या फोटोंवरून करपा ओळखायचा असे. विषय काहीही असो, खाली खोलवर गेलं की सगळ्यांचं गणित एकाच ठिकाणी येऊन टेकतं. आकड्यांचे प्रचंड तक्ते एकमेकांशी गुणायचे आणि एकसामयिक समीकरणं सोडवायची. शाळेत आपण एक्स आणि वाय, अशा दोनच अज्ञातांशी झुंजतो. इथे अज्ञात हजारांनी असतात.

हे गुणाकार आणि ही समीकरणं प्रत्येकाने नव्याने लिहायची गरज नसते. जाणत्या लोकांनी ती लिहून ठेवलेली असतात. अशा तयार गणितांच्या संचाला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. ती फुकट आणि तयार मिळते, पण ती रेडिमेड ब्लाउजसारखी असते. सगळ्यांना येते, नीट कुणालाच बसत नाही. तुमच्या संगणकाचा प्रोसेसर एका दमात आठ आकडे गुणू शकत असला तरी रेडिमेड लायब्ररी बिचारी दोन-दोनच गुणत बसते, कारण ती जुन्यातल्या जुन्या मशीनवरही चालली पाहिजे. मापाचं हवं असेल तर मूळ लिहिलेला मजकूर, म्हणजे सोर्स, आणायचा आणि आपल्याच मशीनवर, आपल्याच मशीनच्या मापाने कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला कळेल अशा भाषेत उतरवून घ्यायचा. याला आम्ही बिल्ड लावणं म्हणतो. कुकर लावतात तसं, फक्त याच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. पडद्यावर तासन्‌तास इंग्रजी ओळी वाहत राहतात आणि आपण बघत बसतो. शेवटच्या पाच मिनिटांत वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. ही माझी नोकरी.

नीट लागलेल्या बिल्डचा फरक मात्र जादूसारखा असतो. रात्रभर आणि वर दुपारपर्यंत चालणारा हिशोब चहा पिऊन येईतो संपतो. आलेला माणूस आपल्याकडे देवाकडे पाहावं तसा पाहतो, आणि दुसऱ्या दिवशी नाव विसरतो.

यातलं एक शहाणपण मला जळगावच्या उन्हाने शिकवलं. काही लायब्रऱ्या बिल्ड होताना स्वतःच स्वतःचं माप घेतात. तक्त्याचे लहान-मोठे तुकडे पाडून बघतात, प्रत्येक पद्धतीला किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजतात, आणि सगळ्यांत जलद निघेल ती पद्धत कायमची धरून बसतात. एकदा मी मे महिन्यात, भर दुपारी, पंख्याखालच्या मशीनवर असा बिल्ड लावला. झाला व्यवस्थित. पण दुसऱ्या दिवशी फिजिक्सचे सर आले आणि म्हणाले, "अक्का, तुमच्या नव्यापेक्षा आमचं जुनंच बरं पळत होतं." माझा विश्वास बसेना. मोजून पाहिलं, तर खरंच.

डोकं खाजवून खाजवून शेवटी कारण सापडलं. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपणहून हळू चालायला लागतो. बिल्ड लागला होता तेव्हा तो अर्धमेला झालेला होता, कधी हळू तर कधी त्याहून हळू. लायब्ररीने त्या घड्याळावर भरवसा ठेवला आणि भलतीच पद्धत निवडली. उन्हाळ्यात घेतलेलं माप पावसाळ्यातसुद्धा तिच्या अंगावर तसंच राहिलं असतं. कॉलेजात एसी फक्त प्राचार्यांच्या केबिनमध्ये होता. मी मशीन उचलून तिथे नेलं आणि बिल्ड नव्याने लावला. "हे आता मीटिंगलाही बसणार का?" असं प्राचार्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बसेल सर, पण एसी बंद करू देऊ नका." त्या दिवशी एक पाहणी समिती आली होती. कोपऱ्यात झाकण काढून ठेवलेलं मशीन बघून त्यांना वाटलं, कॉलेजचा काहीतरी नवा प्रकल्प आहे. प्राचार्यांनीही तसंच वाटू दिलं.

माझी दुसरी खोड मात्र कुणालाच आवडायची नाही. जलद बिल्ड झाला की शेजारी मी आणखी एक साधा बिल्ड लावायचे. काहीही मापाबिपाचं नाही, वेगाची एकही युक्ती नाही, पुस्तकात जसं गणित सोडवतात तसं पायरीपायरीने जाणारा, गोगलगायीसारखा. कुणाचा महत्त्वाचा हिशोब असला की शेवटचा आकडा मी दोन्हींवर काढून बघायचे. बिल्डसोबत चाचण्या येतात त्याही मी पूर्ण चालवायचे, जरी त्यांना बिल्डपेक्षा जास्त वेळ लागे. लोक म्हणायचे, शितावरून भाताची परीक्षा होते, अक्का अख्खं पातेलं चाखते. चाखते तर चाखते. वेगाच्या मोहाने एखादं बटण जास्त दाबलं की आकडे कसे बरळतात ते मी पाहिलं होतं. आणि बरळणारा आकडा दिसायला शहाण्या आकड्यासारखाच दिसतो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की आता तबस्सुमची गोष्ट सांगायची आहे.

तबस्सुम दोंडाईच्याची. वडिलांचं तिथे पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देण्याचं दुकान. मुलगी सिव्हिल शिकली, पहिली आली, आणि आमच्याकडे पीएच.डी.ला लागली. विषय जमिनीखालचं पाणी. शिरपूरकडे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याला पावरा लोकांचं एक गाव तिने अभ्यासाला घेतलं होतं. शेती सगळी पावसावरची. फेब्रुवारी सरला की विहिरी तळ दाखवतात आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन दुसऱ्या पाड्यापर्यंत चालतात. गावाने ठरवलं होतं की त्या उन्हाळ्यात श्रमदान करून एका नाल्यावर दगडी बांध घालायचा, म्हणजे पाणी अडेल, मुरेल आणि विहिरींना उतरेल. नाले दोन होते, म्हणून जागाही दोन. एक डोंगराला लागून वरची, एक गावाजवळ खालची. अंगमेहनतीने एका उन्हाळ्यात एकच बांध होणार. कुठे घातला तर पाणी विहिरींत एप्रिलपर्यंत टिकेल, हे तबस्सुम गणिताने सांगणार होती. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरणही तेच होतं. गावाला तिने शब्द दिला होता.

गावाखालच्या जमिनीचे तिने कागदावर हजारो चौकोन पाडले होते. प्रत्येक चौकोनातलं पाणी हा एक अज्ञात. गणित नेहमीच्या लायब्ररीवर फार वेळ खाई आणि तिला ते पुन्हा पुन्हा चालवायचं होतं. म्हणून ती माझ्याकडे आली. मी तिच्या मशीनवर जलद बिल्ड लावून दिला. हिशोब झटक्यात संपायला लागला. पोरगी इतकी खूश की खारीचा पुडा घेऊन आली आणि टेबलावर बसूनच खाल्ली. दोन-चार दिवसांत तिचं उत्तर तयार झालं. खालची जागा. तिने तिथूनच गावाचे कारभारी नानसिंग आबा यांना फोन लावला आणि सांगूनही टाकलं.

मी माझ्या खोडीप्रमाणे तिचे शेवटचे आकडे साध्या बिल्डवर लावून ठेवले. त्याने फार वेळ घेतला आणि उत्तर दिलं, वरची जागा.

थोडं इकडचं तिकडं नाही. सरळ उलटं.

तबस्सुमला दाखवलं तेव्हा ती हसली. "अक्का, तुमचा साधा बिल्ड आता म्हातारा झाला." मी दोन्हींच्या चाचण्या पुन्हा चालवल्या. दोन्ही पास. मग जलद बिल्डलाच सांगितलं, सगळे प्रोसेसर वापरू नकोस, एकावरच चाल. तर तिसरं उत्तर आलं. दोन्ही जागा सारख्याच. तबस्सुमचं हसू गेलं.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. गणित तेच, आकडे तेच, मशीन तेच आणि उत्तरं तीन. पण जळगावकराला सोन्याचं उदाहरण चटकन कळेल. सराफाच्या काट्यावर एका बारकाव्यापलीकडचं वजन दिसत नाही. मूठभर बारीक मणी एकेक करून तोललेत आणि वजनं मिळवलीत तर एक बेरीज येईल. तेच चार ढीग करून तोललेत तर किंचित वेगळी येईल. सोनं तेवढंच आहे, आणि सराफही लबाड नाही. संगणकालाही प्रत्येक आकडा कुठेतरी तोडावाच लागतो. साधा बिल्ड एकेक मणी तोलतो, जलद बिल्ड ढीग करून वाटून देतो. शेवटच्या कुठल्यातरी घरात फरक पडणारच, आणि एरवी त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

इथे बिघडलं, कारण हिशोबच हळवा होता. शाळेत आलेखावर दोन रेषा काढून त्या कुठे छेदतात ते बघतात, आठवतं का? रेषा फुलीसारख्या असल्या तर बिंदू लख्ख दिसतो. पण दोन्ही जवळजवळ समांतर असल्या तर नुसत्या पेन्सिलीच्या जाडीने छेदनबिंदू वीतभर इकडे किंवा तिकडे जातो. तबस्सुमच्या हजारो रेषा तशा होत्या. एवढ्या मोठ्या गावाखालची जमीन, आणि पाण्याची पातळी मोजलेली फक्त दोन-तीन विहिरींची, तीही कधीमधी. बाकी सगळं अंदाजाने भरलेलं. उत्तर तिच्या माहितीत नव्हतंच. कुठला बिल्ड लावला आहे त्यावर ते ठरत होतं.

"म्हणजे माझं चुकलं?" तिने विचारलं.

"तुझं गणित बरोबर आहे," मी म्हटलं. "तुझ्याकडे माहिती कमी आहे."

तिचे गाइड सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच लिहून टाकते. तिची फेलोशिप संपत आली होती आणि तिचा प्रबंध वेळेत जावा एवढंच त्यांना हवं होतं. ते माझ्या खोलीत आले आणि शांतपणे म्हणाले, "अक्का, परीक्षक कधी लायब्ररी विचारत नाहीत. सगळी दुनिया जलदच वापरते. तुम्ही ते दुसरं चालवलंच कशाला?"

सवय, असं म्हणाले असते तर ते हसले असते. मला त्यांचा राग आला आणि राग ओसरल्यावर त्यांचं पटलंही. एका मुलीची इतक्या वर्षांची मेहनत माझ्या एका खोडीने अधांतरी झाली होती. मी तो साधा बिल्ड लावलाच नसता तर ती डॉक्टर होऊन मोकळी झाली असती. तबस्सुम माझ्याशी बोलेनाशी झाली. जिन्यात भेटली तरी मान खाली घालून जायची. मला ते फार लागलं.

मग एका सकाळी ती दारात उभी राहिली. "अक्का, आबांनी दगड गोळा करायला सुरुवात केलीय. खालच्या जागी. गावात येता का माझ्यासोबत? मला एकटीला सांगवणार नाही."

आम्ही एसटीने शिरपूरला आणि तिथून पुढे काळीपिवळीने गेलो. खालच्या नाल्याजवळ काळ्या दगडांचा हा एवढा ढीग पडला होता. बायाबापड्यांनी डोक्यावर वाहून आणलेला. नानसिंग आबा सावलीला बसले होते, भोवती आठ-दहा माणसं. घरात ती पावरी बोलतात, आमच्याशी अहिराणी. मी धुळ्याकडची आणि तबस्सुम दोंडाईच्याची, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. अडचण सांगण्याचीच होती.

"आबा, मी तुमले फोनवर खालनी जागा सांगेल व्हती," तबस्सुम म्हणाली. "पन मना गनितले ते खरंच माहीत नही."

"मंग वरनी जागा शे का?" आबांनी विचारलं.

"तेबी माहीत नही."

मग एक तरुण माणूस म्हणाला, "मंग इतलं शिकीसन काय कामनं?"

मला वाटलं, आता ही रडणार. मी तोंड उघडलं, लायब्ररी, बिल्ड, रेषा असं काहीबाही सांगायला. पण त्यांना माझ्या रेषांशी काय देणंघेणं? बायकांच्या घोळक्यात पुढे बसलेल्या रेमलीबाईने, नानसिंग आबांच्या सुनेने, तेवढ्यात विचारलं, "माहीत कसं व्हई?"

तबस्सुमने सांगितलं. गावातली, शेतातली, जेवढी म्हणून विहीर आहे तिचं पाणी किती खोल ते मोजायला हवं. दर आठवड्याला. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा, एक पूर्ण वर्ष.

"म्हंजे हाऊ उन्हाळाबी तसाच गया," रेमलीबाई म्हणाली.

"गया," तबस्सुम म्हणाली.

उन्हाळा तसाच गेला म्हणजे काय, ते हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईला विचारायचं. आम्ही संध्याकाळच्या गाडीने घरी जाऊन नळ सोडणार होतो. दोघा-तिघांचं म्हणणं पडलं की दगड आणलेच आहेत तर घालून टाकू बांध, लागला तर लागला. बराच वेळ वाद चालला. शेवटी नानसिंग आबा म्हणाले, "दगडस्ले पाय थोडाच शेतस. राहू द्या तठेच." बांध वर्षभर पुढे गेला.

वर्षभर रेमलीबाईने विहिरी मोजल्या. दोराला गाठी मारून घेतल्या आणि सोबत दोघी-तिघी बाया घेतल्या. बाजाराच्या दिवशी ती फोनमध्ये आवाज भरून आकडे पाठवायची. मागे कोंबड्यांचा आवाज, मध्येच कुणावर तरी खेकसणं आणि त्यात विहिरीचं नाव आणि गाठी. तबस्सुम ते ऐकून उतरवून घ्यायची. फेलोशिप बंद झाली. ती दोंडाईच्याला परत गेली आणि तिथे एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. तिच्या बरोबरीची मुलं नावाआधी डॉक्टर लावून फिरू लागली. मी निवृत्त होऊन धुळ्याला आले. निरोप समारंभात माझ्याबद्दल पुष्कळ चांगलं बोलले, पण माझं लक्ष नव्हतं. आपण त्या पोरीचं भलं केलं की वाटोळं, हा प्रश्न घेऊनच मी घरी आले.

उन्हाळा संपता संपता तिचा फोन आला. "अक्का, आकडे पूर्ण झाले. कॉलेजचं मशीन आता मिळत नाही. मी जुना डेस्कटॉप घेतलाय. याल का?"

दोंडाईच्याला तिच्या वडिलांच्या दुकानामागच्या खोलीत तिने मशीन मांडलं होतं. भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं लटकत होती आणि खोलीला वॉर्निशचा वास होता. मी खुर्ची ओढून नुसती बसले. तिने एका शब्दाने मला काही विचारलं नाही. सोर्स उतरवला, आधी जलद बिल्ड लावला, मग शेजारी साधा. चाचण्या पूर्ण चालवल्या, एकही गाळली नाही. माझा ऊर भरून आला हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तिचे वडील मधूनमधून पडदा सारून बघून जात. दुकानात भरलेल्या मोटारी चालवून बघितल्या की वीज क्षणभर खाली बसते, आणि तेवढ्याने मशीन बंद पडेल ही त्यांना धास्ती. त्यांनी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला परत पाठवलं. "आज मोटर टेस्ट नहीं होगी भाई, कल आओ. अंदर बच्ची का हिसाब चल रहा है." शेतात पाणी द्यायचं राहिलेले दोन जण तिथेच बाकावर बसून राहिले. एकाने विचारलं, "कसाना हिसाब शे?" तिचे वडील म्हणाले, "पानीना."

साध्या बिल्डचा हिशोब संपला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तबस्सुमने दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. सारखी. एका प्रोसेसरवर चालवलं, सारखी. सगळ्यांवर चालवलं, सारखी. जिथे फरक पडायलाच हवा त्या शेवटच्या घरांत पडला होता, बाकी आकडा जागचा हलला नव्हता. तिने माझा हात घट्ट धरला. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकं सुंदर काही पाहिलं नाही.

मग आम्ही ते उत्तर वाचलं.

वरची जागा नाही आणि खालचीही नाही. दोन्ही नाल्यांचं मुरलेलं पाणी खालच्या भेगाळ खडकातून गावाजवळच्या टेकडीच्या पलीकडे निघून जात होतं. बांध कुठेही घातला असता तरी फेब्रुवारीपलीकडे विहिरींत काही उरलं नसतं. गेल्या वर्षी दोन्ही बिल्ड चुकले होते. आता दोन्ही बरोबर होते आणि जे बरोबर होतं त्याने कुणाचा हंडा भरणार नव्हता.

तबस्सुमने ते उत्तर वहीत उतरवून घेतलं. "प्रबंध होईल," ती म्हणाली. "परीक्षकांना आवडेलही. पण मी आबांना काय सांगू?" मी तिच्या पाठीवर हात ठेवला. नोकरीभर लोकांना जलद उत्तरं काढून दिली, पण असल्या उत्तराचं काय करायचं ते मला कधीच शिकायला मिळालं नव्हतं.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गावात गेलो. तबस्सुमने आधीच्यासारखं उभं राहून नाही सांगितलं. खाली मातीत बसून, बोटाने टेकडी आणि नाले काढून, पाणी कुठून कुठे जातं ते दाखवलं. आणि म्हणाली की दोन्ही जागांवर बांध घालून उपयोग नाही.

गेल्या वर्षीचाच तो तरुण माणूस म्हणाला, "वरीसभर दोर सोडा, आनि आते हाई ऐकानं?"

तबस्सुमने मान खाली घातली. नानसिंग आबा मातीतल्या रेघांकडे पाहत होते. मग सावकाश म्हणाले, "मागला साले तू हाई सांगती तं मी मानता नही. शहरनी पोर, काय बी सांगस, असं म्हनता आनि बांध घालता. आते मोजेल आमनंच शे. कोनवर राग काढानं?"

दूर दगडांचा ढीग होता तिथेच होता आणि त्यावर शेळ्या चढल्या होत्या. रेमलीबाई पुढे सरकून बसली. मातीतल्या टेकडीवर तिने बोट ठेवलं.

"पानी पलीकडे जास म्हनस ना तू?"

"हां."

"मंग पलीकडल्या विहिरी कोन मोजस?"

तबस्सुमने वर पाहिलं. "कोनीच नही."

"मंग चाल," रेमलीबाई म्हणाली, आणि पदराला लागलेली माती झटकत उठली.